तळघरातली खबर फाटकापर्यंत: फायर अलार्मचं रिपीटर पॅनल बसवण्याची कृती

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे सव्वातीनला आमच्या सोसायटीत बी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या डक्टमधून धूर येऊ लागला. तो सर्वांत आधी ओळखला छतावरच्या डिटेक्टरने. त्याने तळघरातल्या मुख्य पॅनलला कळवलं. पॅनलवर लाल दिवा लागला, पडद्यावर जागा उमटली आणि तिन्ही विंगांचे हूटर वाजू लागले. यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. पण पडद्यावरची ती ओळ वाचायला तळघरात कोणीच नव्हतं. वॉचमनदादा फाटकावरच्या केबिनमध्ये जागे होते. हूटर ऐकताच ते धावले, पण कुठे धावायचं हे त्यांना कळेना. आधी ए विंग, मग सी विंग असं करत ते बी विंगपर्यंत पोचले तेव्हा सात-आठ मिनिटं गेली होती. त्या दिवशी एक केबल जळण्यावर निभावलं.

त्या पहाटेनंतर समितीची सचिव म्हणून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. हूटर फक्त ‘आग’ म्हणतो, ‘कुठे’ ते पॅनल सांगतं. म्हणून पॅनलचा पडदा जाग्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवा. त्यासाठी जे उपकरण असतं त्याला रिपीटर पॅनल म्हणतात. मुख्य पॅनलवर जे दिसतं तेच हे दुसऱ्या जागी दाखवतं. काही रिपीटर फक्त दाखवतात, तर काहींवरून अलार्मची नोंद घेता येते, हूटर थांबवता येतो आणि यंत्रणा रिसेटही करता येते.

खाली दिलेली कृती तीन विंगा, चौदा मजले आणि तळघरात पॅनल असलेल्या आमच्या इमारतीत केलेली आहे. जोडणीचं काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची, म्हणजे सोसायटीत आपलीच आहे. काय करून घ्यायचं आणि कसं तपासायचं, हे आपल्याला कळायला हवं.

लागणारं साहित्य

- मुख्य पॅनलच्याच कंपनीचं, त्याच मॉडेलशी जुळणारं रिपीटर पॅनल
- डेटासाठी दोन तारांची पीळदार, शील्ड असलेली केबल
- २४ व्होल्ट पुरवठ्यासाठी १.५ चौरस मिमी तांब्याची दोन तारांची केबल
- धातूचा कंड्युट, जंक्शन बॉक्स, केबल ग्लँड
- १२० ओहमचे दोन रेझिस्टर (काही पॅनलांत ते आतच असतात)
- केबिन वेगळ्या इमारतीत असेल तर सर्ज प्रोटेक्टर आणि आयसोलेटर
- हिशेबानुसार नव्या बॅटऱ्या
- मल्टिमीटर, मेगर, डिटेक्टर तपासण्याचा धुराचा स्प्रे
- इमारतीचा नकाशा आणि एक वही

पायरी १: जागा ठरवा

चोवीस तास माणूस कुठे असतो आणि अग्निशमन दलाची गाडी आल्यावर जवान सर्वांत आधी कुठे पाऊल ठेवतात, हे दोन प्रश्न विचारा. बहुतेक सोसायट्यांत दोन्हींचं उत्तर फाटकाची केबिन हेच असतं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये उंच इमारतींसाठी फायर कमांड सेंटर प्रवेशाच्या मजल्यावर सांगितलं आहे, त्यामागचा विचारही हाच आहे. जुन्या इमारतीत तेवढी जागा नसेल, तर निदान पडदा तरी दारापर्यंत आणावा.

केबिनमध्ये पडदा उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर घ्या. समोरून ऊन पडलं की अक्षरं दिसत नाहीत, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. पाणी झिरपणारी भिंत तर नकोच. पावसाळ्यात ओल धरली की टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि पॅनल विनाकारण फॉल्ट दाखवू लागतं. कॅलेंडर, चाव्यांचा बोर्ड, रेनकोटची खुंटी यांनी पडदा झाकला जाणार नाही एवढी मोकळी जागा सोडा.

पायरी २: तुमचं पॅनल कोणत्या जातीचं ते ओळखा

पॅनल दोन जातींची असतात. कन्व्हेन्शनल पॅनलवर प्रत्येक झोनला एक दिवा असतो. दिवा लागला की ‘बी विंग, १ ते ५ मजले’ एवढंच कळतं. अॅड्रेसेबल पॅनलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे नेमकी जागा पडद्यावर येते.

अॅड्रेसेबल पॅनल असेल तर रिपीटर डेटा केबलने जोडला जातो. बऱ्याच पॅनलांत ही जोडणी आरएस-४८५ पद्धतीची असते. दोन उपकरणांतली भाषा मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी असते. म्हणून एका कंपनीच्या पॅनलला दुसऱ्या कंपनीचा स्वस्त रिपीटर लावू नका. मुख्य पॅनलच्या दाराच्या आतल्या लेबलचा फोटो काढून त्यावरचं मॉडेल एजन्सीला द्या आणि ‘जुळतो’ हे लेखी घ्या. पॅनलमध्ये रिपीटरसाठी वेगळं कार्ड बसवावं लागतं का, हेही त्याच वेळी विचारा, कारण कोटेशनमध्ये हा खर्च पुष्कळदा नंतर उगवतो.

कन्व्हेन्शनल पॅनल असेल तर प्रत्येक झोनच्या रिले आउटपुटवरून एकेक तार केबिनपर्यंत नेऊन दिव्यांचा फलक करता येतो. आठ झोनला आठ तारा आणि एक सामाईक तार. हे साधं आहे आणि टिकतंही.

पायरी ३: तारेआधी नावं लिहा

या पायरीला घाई करू नका. आमच्या मुख्य पॅनलवर त्या पहाटे उमटलं होतं ‘लूप १, डिव्हाइस ०४३’. केबिनमध्ये तोच पडदा असता तरी वॉचमनदादांना त्यातून काय कळणार होतं? यंत्रणा बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेले क्रमांक तसेच ठेवले होते आणि आम्हीही वर्षानुवर्षं ते चालवून घेतलं.

वही घ्या आणि इमारतीत वरपासून खालपर्यंत चाला. प्रत्येक डिटेक्टर आणि भिंतीवरची प्रत्येक लाल पेटी गाठा, क्रमांक लिहा आणि समोर लोकांच्या तोंडी असलेलं नाव लिहा. नकाशात ‘ईस्ट कॉरिडॉर’ असेल, पण सगळे त्याला ‘दूधवाल्याचा जिना’ म्हणत असतील, तर दूधवाल्याचा जिना हेच लिहा. क्रम नेहमी एकच ठेवा: आधी विंग, मग मजला, मग खूण. ‘बी विंग, ४, लिफ्टसमोर’. धावणाऱ्या माणसाला आधी विंग लागते, नंतर मजला.

अनेक पॅनलांच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही आणि एका ओळीत मोजकीच अक्षरं बसतात. तिथे तेच मराठी शब्द रोमन लिपीत भरा आणि शेजारी देवनागरीतला मोठ्या अक्षरांचा तक्ता लावा. पडद्यावरचं नाव आणि तक्त्यावरचं नाव तंतोतंत एकच असू द्या. तक्त्याबरोबर इमारतीचा साधा नकाशाही लावा. त्यावर जिने, रिफ्यूज एरिया, पंप रूम, मीटर रूम आणि ‘तुम्ही इथे आहात’ ही खूण दाखवा. पहिल्यांदाच आपल्या आवारात आलेल्या जवानाला तो क्षणात समजला पाहिजे.

पायरी ४: बॅटरीचा हिशेब नव्याने करा

आगीत वीज जाते, नाहीतर मुद्दाम तोडली जाते. तेव्हा पॅनल आणि रिपीटर दोन्ही बॅटरीवर चालतात. साधारण हिशेब असा: वीज गेल्यावर चोवीस तास शांत अवस्थेत आणि त्यानंतर अर्धा तास अलार्म वाजत असताना यंत्रणा चालली पाहिजे. बॅटरी जुनी होत जाते म्हणून वर २५ टक्के जास्त धरा.

उदाहरण घेऊ. मुख्य पॅनल आणि डिटेक्टर मिळून शांत अवस्थेत ०.२ अँपिअर घेतात, तर अलार्ममध्ये हूटरसह ०.९ अँपिअर.

(०.२ × २४) + (०.९ × ०.५) = ५.२५, २५ टक्के वाढवून ६.६ अँपिअर-तास.

म्हणजे ७ अँपिअर-तासाची बॅटरी पुरते. आता शांत अवस्थेत ०.१ आणि अलार्ममध्ये ०.३ अँपिअर घेणारा रिपीटर याच पुरवठ्यावर जोडला:

(०.३ × २४) + (१.२ × ०.५) = ७.८, २५ टक्के वाढवून ९.७५ अँपिअर-तास.

आता ७ ची बॅटरी पुरत नाही. १२ अँपिअर-तासाच्या, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतील. पॅनलचा चार्जर एवढ्या बॅटऱ्या भरू शकतो का, हे पुस्तिकेत पाहा. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी बदला. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावली की जुनी नवीलाही खेचून नेते.

पायरी ५: केबलचा मार्ग आणि जाडी

आरएस-४८५ च्या डेटा केबलची लांबी सर्वसाधारणपणे १२०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे सोसायटीच्या आवारात अंतराची अडचण येत नाही. अडचण येते ती पुरवठ्याच्या तारेत. आमच्याकडे तळघर ते फाटक १८० मीटर केबल लागली. जायची आणि यायची तार मिळून ३६० मीटर. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणून एकूण ४.४ ओहम. अलार्ममध्ये ०.३ अँपिअर वाहिला की वाटेत १.३ व्होल्ट खर्च होतात. बॅटरी उतरून २१ व्होल्टवर आली तरी केबिनमध्ये १९.७ व्होल्ट पोचतात.

पैसे वाचवायला कोणी ०.५ चौरस मिमीची तार सुचवली, तर तिचा रोध साधारण १४ ओहम भरतो. मग ४.२ व्होल्ट वाटेतच जातात आणि केबिनमध्ये १७ व्होल्टही पोचत नाहीत. अशी जोडणी उद्घाटनाच्या दिवशी छान चालते आणि वीज गेलेल्या रात्री पडदा विझतो. रिपीटरला किमान किती व्होल्ट लागतात ते पुस्तिकेत बघून हा गुणाकार स्वतः करा.

केबलची जातही महत्त्वाची आहे. एफआरएलएस केबल आग पसरू देत नाही आणि धूर कमी करते, पण आगीत ती चालू राहीलच असं नाही. फायर सर्व्हायव्हल केबल मात्र आगीतही संदेश वाहून नेण्यासाठी बनवलेली असते. बीएस ६३८७ या ब्रिटिश मानकातल्या ‘सी’ वर्गाची चाचणी ९५० अंश सेल्सिअसला तीन तासांची आहे. केबल मीटर रूम, डक्ट किंवा पार्किंगमधून जाणार असेल तर हीच घ्या. लिफ्टच्या आणि पंपाच्या वीजवाहिन्यांपासून ती दूर ठेवा, एकाच कंड्युटमधून नेऊ नका.

पायरी ६: केबल टाका आणि तपासा

कंड्युट भिंतीवर घट्ट बसवा. आवारातून जाताना खड्डा पुरेसा खोल घ्या आणि वर विटांचा थर द्या, म्हणजे माळीदादांच्या कुदळीने केबल तुटणार नाही. स्लॅब किंवा भिंत फोडून केबल नेली असेल तिथलं भोक फायर सीलंटने बुजवा. तसंच सोडलेलं भोक धुराला वरच्या मजल्याची वाट करून देतं.

केबल पडली की उपकरणं जोडण्याआधी मेगरने इन्सुलेशन तपासा. दोन्ही टोकं मोकळी हवीत. मेगरचा ५०० व्होल्टचा दाब पॅनलच्या कार्डावर गेला तर कार्ड जागच्या जागी जळतं. रीडिंग मेगाओहममध्ये आलं पाहिजे. किलोओहममध्ये आलं तर कुठेतरी ओल आहे किंवा केबल सोललेली आहे. ती जागा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ७: यंत्रणा बंद करण्याआधी

जोडणीच्या वेळी काही तास इमारत अलार्मशिवाय असते. आदल्या दिवशी नोटीस लावा आणि काम सकाळी सुरू करा. यंत्रणा बंद असेपर्यंत प्रत्येक विंगमध्ये एक माणूस मजल्यांवर फिरता ठेवा. वेल्डिंग किंवा कटिंगचं काम त्या दिवशी आवारात कुठेही होऊ देऊ नका. पॅनलची वीज बंद करा, नंतर बॅटरीची तार काढा. पुन्हा चालू करण्याचा क्रम कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असेल, तोच पाळा.

पायरी ८: जोडणी

१. डेटाच्या दोन तारा मुख्य पॅनलवर ज्या खुणेला, रिपीटरवरही त्याच खुणेला जोडा. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणांचा अर्थ काही कंपन्या उलटा लावतात, म्हणून संदेश जात नसेल तर आधी पुस्तिका पाहा.

२. दोन किंवा जास्त रिपीटर असतील तर केबल एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने न्या. मधूनच फांदी काढू नका.

३. साखळीच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावा. वीज बंद असताना दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावून पाहा, सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक रेझिस्टर राहिला आहे, ४० आले तर कुठेतरी तिसरा लागला आहे.

४. शील्ड एकाच टोकाला, मुख्य पॅनलकडे, अर्थ करा. दोन्ही टोकांना अर्थ केली तर तिच्यातून नको तो प्रवाह वाहतो.

५. फाटकाची केबिन मुख्य इमारतीपासून वेगळी असेल तर वीज कडाडते तेव्हा दोन्हीकडच्या अर्थमध्ये दाबाचा मोठा फरक पडतो आणि तो डेटा केबलवाटे पॅनलमध्ये शिरतो. म्हणून अशा जोडणीत आयसोलेटर आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या.

६. २४ व्होल्टचे धन आणि ऋण तपासून मगच पुरवठा द्या. रिपीटर चालू झाला की त्याचा पत्ता मुख्य पॅनलमध्ये नोंदवा आणि पायरी ३ मधली नावं भरा.

पायरी ९: चाचणी

एजन्सीने ‘झालं’ म्हटलं की आपलं काम सुरू होतं. समितीतले दोघं फाटकावर, दोघं पॅनलपाशी आणि एक जण धुराचा स्प्रे घेऊन मजल्यावर, असे उभे राहा.

- प्रत्येक विंगच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावर एकेका डिटेक्टरला धूर द्या. डिटेक्टरने अलार्म दिल्यावर दोन्ही पडद्यांवर तेच नाव काही सेकंदांत आलं पाहिजे. युरोपच्या ईएन ५४-२ मानकात पॅनलसाठी ही मर्यादा १० सेकंदांची आहे.
- एक लाल पेटी दाबून पाहा.
- डेटाची एक तार काढा. संपर्क तुटल्याचा फॉल्ट दिसून बझर वाजला पाहिजे. फॉल्ट दाखवण्याची मर्यादा त्याच मानकात १०० सेकंद आहे. तार तुटूनही हिरवा दिवा शांतपणे जळत राहिला तर जोडणी नापास करा.
- मुख्य वीज बंद करा आणि बॅटरीवर अलार्म वाजवा. केबिनमध्ये व्होल्ट मोजा आणि वहीत लिहा.
- रिपीटरवरची हूटर थांबवण्याची आणि रिसेटची बटणं किल्लीने किंवा पासवर्डने बंद आहेत ना, ते पाहा.

उरलेले डिटेक्टर पुढच्या आठवडाभरात पूर्ण करा. आमच्याकडे या फेरीत दोन नावं चुकीची निघाली. सी विंगच्या सातव्या मजल्याचा डिटेक्टर पडद्यावर आठवा सांगत होता. प्रत्यक्ष धूर दिल्याशिवाय ही चूक कोणालाही कळली नसती.

पायरी १०: केबिनमधल्या माणसाला शिकवा

रिपीटर ज्याच्यासाठी बसवला त्याला तो वाचता आला नाही तर सगळा खर्च भिंतीवर गेला. पॅनलशेजारी मराठी आणि हिंदीत एवढंच लावा:

*हिरवा:* सगळं ठीक.
*पिवळा:* बिघाड. वेळ आणि पडद्यावरची ओळ वहीत लिहा, सचिवांना फोन करा.
*लाल:* १. पडदा मोठ्याने वाचा. २. त्या विंगला साथीदार पाठवा. धूर किंवा आग दिसली, किंवा शंका असली, तर थांबू नका, १०१ ला फोन करा. ३. पत्ता, विंग, मजला सांगा. ४. फाटक उघडून गाडीची वाट मोकळी करा. ५. रिसेट करू नका.

पाचवी सूचना समजावून सांगा. रिसेट केलं की पहिला अलार्म कुठून आला ही खूण पडद्यावरून पुसली जाते आणि जवानांना तीच हवी असते. एजन्सीच्या माणसाकडून एकदा शिकवून भागत नाही. वॉचमन बदलतात, रात्रपाळीला नवा माणूस येतो. म्हणून पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला पॅनल दाखवायचं आणि ‘हिरवा आहे’ असं लिहून दोघांनी सही करायची, हा नियमच करा.

पायरी ११: देखभाल

आठवड्यातून एकदा एक डिटेक्टर किंवा लाल पेटी वाजवा, दर वेळी वेगळी. महिन्यातून एकदा वीज बंद करून रिपीटर बॅटरीवर पाहा. पावसाळ्याआधी आणि नंतर टर्मिनल उघडून ओल पाहा. कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, द्यावं लागतं. त्यासाठीच्या तपासणीत रिपीटरचाही समावेश करून घ्या आणि एजन्सीचा माणूस आला की फाटकावर स्वतः हजर राहा.

पिवळा दिवा चालवून घेऊ नका. मी पाहिलेल्या कित्येक केबिनमध्ये बझरवर चिकटपट्टी लावलेली असते, कारण तो महिनोन्महिने वाजत राहिलेला असतो. त्यात वॉचमनचा दोष नाही. फॉल्टची तक्रार आल्यावर आपण एका दिवसात माणूस बोलावला नाही, हा दोष आपला आहे. रोज खोटं वाजणाऱ्या यंत्रावरचा विश्वास उडतो आणि तो परत यायला फार वेळ लागतो.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. आम्ही सरावासाठी तोच दिवस ठरवला आहे. तुम्हीही आपल्या सोसायटीत त्या दिवशी एक डिटेक्टर वाजवा आणि फाटकावर उभे राहून घड्याळ लावा. वॉचमनदादांनी पडदा वाचून नेमक्या मजल्याचं नाव उच्चारेपर्यंत किती वेळ लागला, तो आकडा वहीत लिहा. पुढच्या वर्षी तो कमी झाला पाहिजे.